आमच्या साकवावर रात्री भूत शोधायला येणाऱ्या मुलांना खुले पत्र

मुलांनो,

गेल्या वर्षी मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागून चार दिवस झाले होते, तेव्हा तुम्ही चौघे दोन मोटारसायकलींवरून आमच्या साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, आला होतात. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. साकवाच्या मधोमध तुम्ही लिंबं ठेवलीत, मोबाईलवर कसलासा मंत्र लावलात आणि ‘तिला’ बोलवायला लागलात. तुमच्या व्हिडिओत सातव्या मिनिटाला पलीकडून एक आकृती येताना दिसते. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढुरका एकच आकार, वर टोक, तोंड नाही, हात नाहीत, पोटापाशी पिवळट उजेड हलतोय. तुमच्यातला एक जण किंचाळतो, चित्र हलतं, गाड्या सुरू होतात. त्या आकृतीभोवती तुम्ही लाल गोल काढलाय आणि खाली लिहिलंय, ‘बिनतोंडाची हडळ’.

ती आमची काकी आहे.

वय ऐंशीच्या आसपास. साकव ओलांडला की पहिलं घर तिचं. त्या संध्याकाळी तिची गाय परतली नव्हती. गाय गाभण, दिवस भरत आलेले, त्यामुळे कुठेतरी झाडीत जाऊन व्याली असेल या काळजीने काकीला झोप येईना. पाऊस पडत होता म्हणून तिने खताच्या रिकाम्या गोणीची खोळ करून डोक्यावरून घेतली. गोणीचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की टोकदार टोपडं तयार होतं आणि मागे गुडघ्यापर्यंत पाठ झाकते. पूर्वी इरलं असायचं, आता खोळ असते. कोकणात लावणीला उतरलेल्या कुठल्याही बाईला विचारा. खोळ पुढे ओढली की तोंड दिसत नाही, हे खरं. एका हाताने तिने ती आतून धरली होती. दुसऱ्या हातात बत्ती होती आणि तिचे सेल उतरले होते.

तुम्ही किंचाळलात तेव्हा तिला वाटलं, कोणीतरी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पडलं. ती तुमच्याकडे झपाझपा आली ती त्यासाठी. व्हिडिओत तिचा आवाज आहे. तुम्ही त्यावर संगीत चढवलंय, तरी कान देऊन ऐका. ती विचारतेय, “कोण पडलो रे? खंय पडलो?”

मी या गावच्या शाळेत 21 वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. गावाचं नाव इथे लिहीत नाही. सिंधुदुर्गातलं, सह्याद्रीच्या पायथ्याकडचं एक गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर आणखी चार गाड्या येतील, आणि तुम्हाला गाव ठाऊक आहेच. तुमचीही नावं मला कळली आहेत. तीही लिहीत नाही. तुम्ही माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलांच्या वयाचे असाल.

व्हिडिओ लाखांनी बघितला. पुढच्या शनिवारपासून रात्री गाड्या यायला लागल्या. कोणी हॉर्न वाजवत साकवावर थांबायचं, कोणी काकीच्या घरावर प्रकाश मारायचं. एका रात्री दगड आले. दोन कौलं फुटली आणि देवाच्या खोलीत पाणी गळलं. हे बाहेरच्यांचं झालं. मला जास्त लागलं ते गावातलं. पहिलीतली एक मुलगी काकीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, रोज सकाळी बकुळीची फुलं वेचायला यायची. ती आता तिथून डोळे मिटून धावत जाते. सहा घरांत काकीचा दुधाचा रतीब होता, दोन घरांत राहिला. तोंडावर कोणी काही बोललं नाही. एकाने सांगितलं, मुलाला पिशवीचं दूध आवडतं. एकीने सांगितलं, सध्या चहाच कमी केलाय. ती एकटी राहते, पांढरं नेसते, रात्री-अपरात्री गोठ्यात उठते, हे सगळं लोकांना चाळीस वर्षं माहीत होतं. व्हिडिओनंतर त्याच गोष्टी लोक वेगळ्या नजरेने मोजायला लागले.

काकी मला म्हणाली, “माका जित्तीच भूत केल्यानी.”

तुम्हाला वाटेल, बाई उगाच वाढवून सांगतायत. म्हणून दोन गोष्टी सांगते, दोन्ही तुमच्या जन्मानंतरच्या. 2018 च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ती माणसं भिक्षा मागायला आली होती आणि फोनवर अफवा फिरत होती की मुलं पळवणारी टोळी आलीय. पुढच्याच वर्षी, 2019 च्या जुलैत, बांगलादेशात पद्मा नदीवर मोठा पूल बांधला जात होता. त्या पुलाला माणसांची मुंडकी लागतात, त्यासाठी मुलं पळवतात, अशी अफवा उठली. ढाक्यात एक आई शाळेत मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला गेली होती. जमावाने तिला तिथेच मारून टाकलं. त्या महिन्यात अशी आणखीही माणसं मेली. पुलाची अफवा होती आणि मेली ती रस्त्यावरून चाललेली साधी माणसं. एकट्या बाईभोवती लाल गोल काढून तो लाखो लोकांना दाखवायचा म्हणजे काय, ते मी गावात बसून बघितलंय. आमच्याकडे दोन कौलांवर भागलं.

आता साकवाबद्दल. तुम्ही त्याला ‘कोकणातला शापित पूल’ म्हटलंय, तेव्हा तो काय आहे ते तरी माहीत करून घ्या.

सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत आमच्याकडे जेमतेम 50-60 किलोमीटरचा उतार. वर आंबोलीला वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सगळा या उतारावरून खाली धावतो. गावात ऊन असतं, पोरं उघड्या अंगाने खेळत असतात आणि तासाभरात व्हाळ लाल होऊन काठाला लागतो. दोन वाड्यांच्या मध्ये असा व्हाळ असला की पावसाचे चार महिने पलीकडची माणसं तुटतात. म्हणून साकव. मी लहान असताना आमचा साकव तीन पोफळींचा होता. पोफळीची सोटं शेजारी शेजारी टाकून वेलीने आवळायची, एका बाजूला धरायला बांबू. दरवर्षी पावसाआधी दोन्ही वाड्यांतले गडी मिळून तो बांधायचे आणि पहिल्यांदा चालताना पाण्यात नारळ सोडायचे. ओली पोफळ शेवाळाने गुळगुळीत होते. तिच्यावर पावलं आडवी टाकत, बोटांनी धरत चालायचं असतं. आजचा साकव सिमेंटचा आहे, रुंदी जुन्यापेक्षा दीड हात जास्त. कठड्याचे लोखंडी पाइप एका बाजूचे पुरात गेले, दुसऱ्या बाजूचे गंजून मोडायला आलेत.

आणि त्या साकवावर एक बाई हाक मारते, हेही खरं. म्हणजे आम्ही सगळे त्याच गोष्टीवर वाढलो.

ती गोष्ट माझ्या आजीने मला सांगितली तशी सांगते. आजीच्या तरुणपणी पलीकडच्या वाडीतली एक सून श्रावणात माहेरी गेली होती. परत येताना संध्याकाळ झाली. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी, डोक्यावर माहेरच्या पोह्यांची पिशवी. व्हाळ चढलेला होता, पण घर समोर दिसत होतं, दिवा लागलेला दिसत होता. ती साकवाच्या मध्यावर आली असेल, तेवढ्यात अलीकडच्या काठावरून कोणीतरी तिला हाक मारली. तिला थांबवायलाच मारली असणार, पाणी वाढतंय, येऊ नको म्हणून. तिने ओ दिली आणि वळून बघितलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूच्या बेटात अडकलेली मिळाली. आई मिळाली नाही.

हाक कोणी मारली ते गावाला माहीत होतं. त्या माणसाने पुढे जन्मभर कोणाला मोठ्याने हाक मारली नाही, जवळ जाऊन हाताला धरून बोलायचा. हे आजीने मला शेवटच्या दुखण्यात सांगितलं, आधी नाही.

तेव्हापासून गावात नियम आहेत. कातरवेळी साकवावर थांबू नये. साकवावर मागून हाक आली तर ओ देऊ नये, वळून बघू नये, पलीकडे पोचल्यावर बोलावं. मूल कडेवर घेऊन जाऊ नये, पाठीला बांधावं. व्हाळाचं पाणी लाल असेल तर नारळ दिल्याशिवाय जाऊ नये. लहानपणी आम्हाला सांगायचे की ती बुडालेली बाई गिरा, म्हणजे पाण्यातलं भूत, होऊन हाक मारते, ओ दिलीस तर पाय ओढते. आमची भीतीने गाळण उडायची. पुढे मी शिक्षिका झाले, विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा एकदा त्याच साकवावर उभी राहून हे नियम मी नीट मनात घोळवले. तीन पोफळींवर मागे वळलं की तोल जातो. पुराच्या आवाजात हाक कुठून आली ते कळत नाही, म्हणून माणूस वळतोच. नारळ आणायला घरी परत जावं लागतं आणि तेवढ्या अर्ध्या तासात पाणी उतरतं किंवा जायचं तरी राहतं. हे नियम कोणी ठरवून केले असं मी म्हणत नाही. पण तिच्यानंतर त्या साकवावरून माणूस वाहून गेल्याचं माझ्या माहितीत नाही, आणि मी पूर येताना साठ वर्षं बघतेय.

अशी हाक मारणारी, उडी टाकणारी, पांढऱ्या लुगड्यातली बाई पुष्कळ पुलांवर आहे. गोव्यात बोरीच्या पुलावरून झुआरीत उडी टाकणाऱ्या बाईची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. प्रत्येक ठिकाणी खरोखर कोणी गेलं होतं का, ते मी सांगू शकत नाही. आमच्या साकवावरची गेली होती. तिची ती नऊ महिन्यांची मुलगी जगली. त्या मुलीची नातवंडं आज मुंबईला आणि कुडाळला आहेत. तुमचा व्हिडिओ त्यांच्याही फोनवर आला. आपल्या पणजीला कोणीतरी लिंबं ठेवून बोलावतंय आणि खाली हजारो लोक दात काढतायत, हे त्यांनी बघितलं.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. तुमच्या व्हिडिओत सगळी भुतं माणसं मारायलाच उठलेली असतात. आमच्याकडे तसं नव्हतं. तळकोकणात देवचार आहे. रात्री रानात वाट चुकली तर काठी आपटत, घोंगडी पांघरून पुढे चालणारा, माणसाला वाडीच्या वेशीपर्यंत आणून सोडणारा. त्याला राखणदार म्हणतात. वर्षातून एकदा त्याची राखण देतात. चकवा आहे, तो वाट फिरवतो. पण चकवा लागला तर जागीच बसावं, उजाडेपर्यंत हलू नये, असंही सांगितलेलं असतं. अंधारात रानात चुकलेल्या माणसाला याहून चांगला सल्ला मीसुद्धा देणार नाही. पाण्यात आसरा आहेत, सातजणी, त्यांना ओटी भरायची. भीती होती, पण तिच्यासोबत वागायची रीतही होती. तुम्ही रीत काढून टाकलीत आणि नुसती भीती उचललीत.

श्रावणात आमच्या आया शिळासप्तमीची कहाणी वाचायच्या. राजाने तळं बांधलं, पाणी लागेना. जलदेवतांनी राजाच्या सुनेचा वडील मुलगा बळी मागितला. राजाने सुनेला माहेरी धाडलं आणि मुलाचा बळी दिला. तळं भरलं. सप्तमीच्या दिवशी सून त्या तळ्याशी पूजेला आली. आमच्या वंशात कोणी पाण्यात बुडालं असेल तर ते आम्हाला परत मिळावं, असं तिने मागणं मागितलं. पाण्यात उभी असताना कोणीतरी तिचे पाय ओढायला लागलं. तिने बघितलं तर तो तिचाच मुलगा. ही कहाणी माझी आजी वाचायची तेव्हा त्या जागी तिचा आवाज दरवर्षी थांबायचा. साकवावरच्या बाईसाठी थांबायचा, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. पाण्यातून पाय ओढणारं आपलंच माणूस असू शकतं, हे त्या बायकांना ठाऊक होतं.

भुताशिवायही पूल माणसं घेतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 साली बांधलेला पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट त्या अंधारात खाली गेल्या. जयगडहून मुंबईला निघालेली एक आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेली दुसरी. आमच्या भागातल्या कित्येक घरांत त्या रात्री कोणाचा ना कोणाचा फोन लागत नव्हता. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आलं की पुढे पूलच उरलेला नाही, आणि त्याने मागून येणाऱ्या गाड्या अडवल्या. रात्री, पावसात, पुलावर कोणीतरी ओरडतंय म्हणून त्या गाडीवाल्यांनी भुताचं समजून वेग वाढवला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. आणि मग काकीचा आवाज पुन्हा ऐका.

15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला आणि चौघं गेले. पूल धोकादायक होता, तसे फलक लावलेले होते, तरी रविवार म्हणून बघायला, फोटो काढायला गर्दी झाली होती. आमचा साकव दोन वाड्यांच्या माणसांसाठी आहे, डोक्यावर भारा घेऊन एकामागून एक जाणाऱ्यांसाठी. त्या शनिवारच्या गर्दीत मी एकदा मोजल्या, एका वेळी त्याच्यावर सात मोटारसायकली आणि पंधराच्या वर पोरं उभी होती. एका बाजूला कठडा नाही. खाली व्हाळ वाजत होता. तुमच्यातल्या कोणाची आई घरी जागी असेल, या विचाराने मी खळ्यातून ओरडून ओरडून सगळ्यांना काठावर बोलावलं. बहुतेक मीही कुठल्यातरी व्हिडिओत असेन.

कठड्यासाठी मी संबंधित कार्यालयात तीन अर्ज दिलेत. पहिल्याची पोच माझ्याकडे आहे, दुसऱ्याचं उत्तर आलं की विचाराधीन आहे, तिसऱ्याचं काहीच आलं नाही. तुमचा एक व्हिडिओ जितक्या माणसांनी बघितला तितकी माणसं आमच्या तालुक्यात नाहीत. त्या व्हिडिओत चौदा मिनिटांत तो मोडका कठडा चार वेळा दिसतो. एकदाही तुम्ही तो बोटाने दाखवला नाहीत.

मंत्राने भूत बोलावतो असं सांगून लोकांत घबराट पसरवणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं, असं गावातल्या एका वकिलाने मला सांगितलं आणि तक्रार लिहून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. काकीनेही नको म्हटलं. ती म्हणाली, पोरं आहेत, पोलीस कशाला. पण तो व्हिडिओ आज उतरवा. नुसता उतरवू नका, कारण त्याचे तुकडे शेकडो जणांकडे फिरतायत. तुमच्याच तोंडाने, त्याच जागी, त्याच लोकांना सांगा की ती बाई कोण होती, डोक्यावर काय होतं, हातात काय होतं आणि ती काय विचारत होती. तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील. मी सांगितलेलं चार माणसं वाचतील.

गोष्टी हव्या असतील तर आमच्या गावात एक म्हातारा आणि तीन म्हाताऱ्या अजून आहेत. सडा, देवराई, जुनी बाव, मांगर, प्रत्येक जागेची गोष्ट त्यांना येते आणि नीट विचारलं तर ती माणसं कोणाची होती तेही सांगतात. त्यांचा आवाज कोणी घेऊन ठेवलेला नाही. तुमच्याकडे चांगला माईक आहे. मात्र गोष्ट ज्यांच्या घरातली आहे त्यांना आधी विचारा, आणि ते नको म्हणाले तर माईक बंद करा.

त्या रात्री गाय सापडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती आपल्या पायांनी आली, मागून पाडी. काकीने पाडीचं नाव ठेवलंय, पण ते तिला विचारा. या, दिवसाउजेडी या, गाड्या अलीकडेच लावा आणि साकवावरून एकेक जण चालत या. दुपारी जेवून ती पडवीत बसलेली असते. तिला थोडं कमी ऐकू येतं, तेव्हा खळ्यातूनच मोठ्याने हाक मारा. येताना चौघांनी एकेक डबा आणा. सध्या तिच्याकडे रोजचं दोन लीटर दूध उरतं.

तुमची,
साकवापलीकडच्या शाळेतली बाई